तागाला काचेची फूटपट्टी

1940 मध्ये, केंब्रिजजवळ डक्सफर्डला, एरो रिसर्च कंपनीने स्पिटफायर विमानाचं धड चक्क जवसाच्या धाग्यातून घडवलं. महायुद्धात अ‍ॅल्युमिनियम कमी पडेल, अशी धास्ती होती. फिनॉलिक रेझिनमध्ये मुरवलेल्या या सुताला ‘गॉर्डन एरोलाइट’ म्हणत. टंचाई काही तितकी आली नाही आणि ते धड प्रयोगापुरतंच राहिलं. ही कंपनी पुढे सीबा या स्विस रसायन कंपनीच्या ताब्यात गेली. तीच सीबा, जिने 1946 मध्ये ‘अ‍ॅराल्डाइट’ नावाने एपॉक्सी रेझिन बाजारात आणलं.

एपॉक्सी आलं खरं, पण त्याची जोडी जमली काचेच्या धाग्याशी. काच पाणी पीत नाही आणि तिचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचा असतो. ताग, घायपात, काथ्या यांच्याकडे यातलं काहीच नाही. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीचे पत्रे कापसाच्या टाकाऊ धाग्यांचे होते, तेही फिनॉलिकमध्ये. बाकी बराच काळ सामसूमच.

भारतात 1980च्या दशकात तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत के. जी. सत्यनारायण आणि सहकाऱ्यांनी काथ्या, केळी, घायपात यांचे धागे नीट मोजले. काथ्यात लिग्निन चाळीस टक्क्यांच्या आसपास. ताकद कमी, पण तुटण्याआधी तो भरपूर ताणला जातो. धाग्याचा स्वभाव ओळखून काम नेमायचं, ही खरी दिशा होती.

पुढे मात्र प्रबंधांचा पूर आला. अभियांत्रिकी कॉलेजांत रेसिपी जवळपास ठरलेली: एलवाय 556 रेझिन, एचवाय 951 हार्डनर, दहास एक प्रमाण, रोलर फिरवून हाताने थर लावायचे. धागा आधी कॉस्टिक सोड्याच्या पाच टक्के द्रावणात बुडवायचा. शेवटी एक आलेख: अमुक टक्के धागा घातला की ताणशक्ती सर्वाधिक, त्यापुढे घसरण. आणि निष्कर्षात काचेशी तुलना, जिच्यात ताग हरणारच.

खरी गोष्ट तुटलेल्या तुकड्यात दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या तोंडावर गोल रिकामी भोकं असतात आणि शेजारी स्वच्छ, नागडे धागे बाहेर आलेले. म्हणजे धागा तुटला नाही, उपटला गेला. रेझिनने त्याला धरलंच नव्हतं. कॉस्टिकने मेण आणि हेमिसेल्युलोज निघून पृष्ठभाग खरखरीत होतो, पकड सुधारते. जास्त वेळ बुडवला तर धागाच कमकुवत होतो. शिवाय धागा पाणी पिऊन फुगतो, सुकल्यावर आक्रसतो, आणि सांध्यालगत बारीक भेगा पडतात.

उष्णतेच्या बाबतीतही आपण भलतीकडेच बघत राहिलो. हेमिसेल्युलोज साधारण 220 अंश सेल्सियसपासून विघटित होऊ लागतं, सेल्युलोज 315 ते 400 दरम्यान. म्हणून दोनशेच्या वर जाऊ नये, हे पक्कं. पण प्रबंधांतले सहाशे अंशांपर्यंत तापवून काढलेले आलेख कितीही सुबक असले, तरी त्या तापमानाला गाडीचं दार कोण वापरतं? प्रश्न काचसंक्रमण तापमानाचा आहे, जिथे कडक एपॉक्सी रबरासारखं मऊ पडू लागतं. खोलीच्या तापमानालाच सेट झालेल्या एपॉक्सीत ते बहुधा शंभराच्या बरंच खाली असतं आणि ओलावा शिरला की आणखी उतरतं. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तर सत्तर अंश सहज गाठतो.

गाडी रुळावर आली ती फूटपट्टी बदलल्यावर. मर्सिडीजने 1990च्या दशकात ई-क्लासच्या दारांच्या आतल्या पॅनेलला वनस्पतीचे धागे आणि एपॉक्सी वापरलं. तिथे भार थोडा आणि वजनाला किंमत. जवसाची घनता 1.5च्या आसपास, काचेची 2.5. ताठरपणाला घनतेने भागलं की चांगला जवस काचेच्या पंगतीला बसतो, कधी पुढेही जातो, आणि कंपनं काचेपेक्षा चांगली जिरवतो. 2019 मध्ये पोर्शेने 718 केमन जीटी4 क्लबस्पोर्ट या शर्यतीच्या गाडीची दारं आणि मागचा पंख अशा धाग्यांतून केले.

‘हिरवं’ हे बिरुद मात्र जपून लावावं. धागा शेतातला असला तरी नेहमीचं एपॉक्सी पेट्रोलियममधून येतं, आणि एकदा सेट झालं की ना वितळतं, ना कुजतं.