आपल्या नावाची वही आपणच वाचावी : गृहकर्ज आणि सिबिल गुणांक

अंगुत्तर निकायात तथागत बुद्धांनी अनाथपिंडिक या गृहस्थाला चार सुखे सांगितली आहेत : सन्मार्गाने धन मिळविल्याचे सुख, ते योग्य रीतीने उपभोगण्याचे सुख, ऋणमुक्त असण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. त्याच निकायात दरिद्री गृहस्थाच्या दुःखाची साखळीही वर्णिली आहे. कर्ज, मग व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. धम्माने कर्जाचा विचार गृहस्थाच्या जीवनातील गंभीर बाब म्हणून केला आहे, हे यावरून ध्यानात येते.

आज मात्र नोकरदार गृहस्थाला कर्जावाचून घर बांधणे क्वचितच साधते. आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले विद्यार्थी आज शिक्षक, पोलीस, परिचारिका, एसटी कर्मचारी म्हणून काम करीत आहेत. घराण्यातले पहिले पक्के घर बांधण्याची जबाबदारी बहुधा त्यांच्यावरच येते. ते बँकेत जातात तेव्हा वेतनाच्या दाखल्याबरोबर एक तीन अंकी संख्या पाहिली जाते. तिलाच आपण 'सिबिल' म्हणतो. ती संख्या कशी बनते आणि कमी असल्यास कशी वाढवावी, हे अर्ज करण्यापूर्वीच समजून घेतले पाहिजे.

गुणांक म्हणजे काय?

आपण घेतलेल्या कर्जांची व त्यांच्या परतफेडीची माहिती बँका पत-माहिती कंपन्यांकडे पाठवितात. २००५ च्या कायद्याने या कंपन्यांचे नियमन होते. भारतात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. साधारणतः ७५० व त्यापुढचा गुणांक चांगला मानला जातो. तथापि प्रत्येक बँकेचा निकष स्वतंत्र असतो.

गुणांकाचा परिणाम केवळ मंजुरीवर होत नाही, व्याजदरावरही होतो. २० लाख रुपये २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १७,३५६ रुपये येतो, ९.५ टक्क्यांनी घेतल्यास सुमारे १८,६४३ रुपये. एका टक्क्याच्या फरकाने वीस वर्षांत तीन लाखांहून अधिक रुपये जादा जातात. एवढ्या रकमेत मुलांच्या उच्च शिक्षणाचा मोठा भाग भागू शकतो.

वहीचा इतिहास

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे १८७५ सालची आठवण होते. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. उठावकऱ्यांचा मुख्य रोख कर्जरोखे व वह्या हस्तगत करून जाळण्यावर होता. त्या वहीत काय लिहिले आहे, हे अंगठा उमटविणाऱ्याला वाचता येत नव्हते. त्यानंतर १८७९ साली आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्यता कायद्याने ऋणकोला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा अधिकार दिला. आपला प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या कायद्याचे संरक्षण येथील कुळांना नव्हते.

आजची वही संगणकात आहे. ती जाळता येत नाही, पण वाचता येते. प्रत्येक पत-माहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. हा अधिकार न वापरणारा साक्षर माणूस वहीपुढे निरक्षरच राहतो.

गुणांक कसा वाढवावा?

गृहकर्जाचा अर्ज करण्याच्या किमान सहा महिने, शक्य तर एक वर्ष आधी चारही कंपन्यांचे अहवाल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरून काढावेत. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. नाव, जन्मतारीख व पॅन क्रमांक तपासावा. न घेतलेले कर्ज आपल्या नावे दिसते काय, फेडलेले कर्ज अद्याप चालू दाखविले आहे काय, हे पाहावे. चूक आढळल्यास त्याच कंपनीकडे पुराव्यासह तक्रार नोंदवावी. यासाठी शुल्क लागत नाही. तीस दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

नोंद खरी असेल तर परतफेडीला पर्याय नाही. थकलेला हप्ता प्रथम भरावा, कारण गुणांकावर सर्वाधिक प्रभाव वेळेवर केलेल्या परतफेडीचा असतो. तडजोडीने काही रक्कम सोडवून घेतलेले कर्ज अहवालात 'सेटल्ड' असे दिसते. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' यांत मोठा फरक आहे. शक्य असल्यास उरलेली रक्कम भरून बँकेकडून 'नो ड्यूज' प्रमाणपत्र घ्यावे व नोंद दुरुस्त झाल्याची खात्री करावी. क्रेडिट कार्ड असल्यास मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा आणि पूर्ण बिल मुदतीत भरावे. एकाच महिन्यात अनेक बँकांकडे अर्ज करू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते.

हप्त्याची तारीखही पाहावी. अनुदानित शाळांचे वेतन पुष्कळदा उशिरा जमा होते. हप्ता दोन तारखेला आणि वेतन दहा तारखेला अशी स्थिती असेल, तर प्रामाणिक माणसाच्या नावेही दरमहा विलंब नोंदला जातो. अशा वेळी बँकेला लेखी अर्ज देऊन तारीख बदलून मागावी, अथवा एका हप्त्याएवढी रक्कम खात्यात कायम राखावी.

आपल्या भागात विशेष जपावे असे

पहिली गोष्ट जामीनकीची. मित्राला वा नातेवाइकाला जामीन राहणे हा आपल्याकडे शब्दाचा प्रश्न मानला जातो. परंतु कर्जदाराने हप्ते थकविले तर ती नोंद जामीनदाराच्याही अहवालात उतरू शकते. सही करण्यापूर्वी हा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट महिलांच्या गटकर्जाची. सूक्ष्म वित्त संस्थांची कर्जेही पत-माहिती कंपन्यांकडे नोंदली जातात. आपल्या आधार कार्डावर शेजारणीसाठी उचललेले कर्ज कागदोपत्री आपलेच असते. मायमाउलींनी दया जरूर दाखवावी, पण आपले नाव देऊन नव्हे.

तिसरी गोष्ट पीककर्जाची. कर्जमाफीच्या आशेवर नूतनीकरण थांबविल्यास खाते थकीत होते, आणि मुलगा गृहकर्जाला सहकर्जदार म्हणून वडिलांचे नाव देतो तेव्हा ती थकबाकी आडवी येते.

चौथी बाब ज्यांच्या नावे नोंदच नाही त्यांची. आयुष्यभर मुकादमाची उचल घाम गाळून फेडणाऱ्या ऊसतोड कामगाराचा प्रामाणिकपणा कोणत्याही अहवालात येत नाही. केवळ पूर्वीचे कर्ज नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ते बँकेत नम्रपणे, पण ठामपणे सांगावेत.

ठरावीक रक्कम घेऊन 'आठ दिवसांत सिबिल वाढवून देतो' म्हणणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. खरी नोंद कोणीही पुसून देऊ शकत नाही.

शेवटी एक भेद मनात स्पष्ट असावा. हा गुणांक परतफेडीची नोंद सांगतो, माणसाचे मूल्य सांगत नाही. दुष्काळ, आजारपण, थकलेले वेतन यांपैकी काहीच त्या संख्येला कळत नाही. म्हणून कमी गुणांकाने खचून जाऊ नये आणि त्याकडे दुर्लक्षही करू नये. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थव्यवहाराचे ज्ञान हा त्यांच्या विद्वत्तेचा पाया होता. त्यांचे नाव घेणाऱ्या प्रत्येक घरात वर्षातून एक दिवस कुटुंबाने एकत्र बसून आपापले अहवाल वाचावेत. इंग्रजी शब्द अडले तर शाळेत शिकणाऱ्या मुलांना ते वाचून दाखवायला सांगावे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या तिसऱ्या सुखाची वाट तेथूनच सुरू होते.