गूळ-पॉपकॉर्न: पाक टायमरवर होत नाही

बसमध्ये हेडफोन लावून बसला असाल तर आवाज जरा वाढवा. [टक्.] ऐकलात? परत एकदा. [टक्.] जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी सांगतो: सुकी काडी मोडल्यासारखा आवाज आहे. गुळाच्या पाकाचा थेंब गार पाण्यातून काढून मी बोटांनी मोडला. आजचा अख्खा भाग या एका आवाजावर आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी आईच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. फराळ बंद. चिवडा मावशीकडून, लाडू विकतचे, आणि मी पुण्यातून फोनवर फुशारकी मारली, "एक आयटम माझा." चकली माझ्याच्याने होणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून गूळ-पॉपकॉर्न. एक व्हिडिओ बघितला, त्यात 'सात मिनिटं उकळा' म्हटलं होतं, मी फोनवर सात मिनिटं लावली. डबा सांगलीला जाणाऱ्या मित्राकडे दिला. मला स्वतःला निघता येत नव्हतं, रिलीज होता आणि ऑन-कॉल मी.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरी पोचलो तर डब्यात एकच ढेकूळ. ओलसर, चिवट, बोटाला चिकटणारं. आणि आईने ते वाट्यांत काढून, चमचा लावून पाहुण्यांपुढे ठेवलं होतं. एका काकांनी विचारलं, "ही कसली बर्फी?" आई म्हणाली, "पुण्याची आहे."

रात्री तिने मला विचारलं, "पाक झाला होता का?"
मी म्हणालो, "सात मिनिटं उकळला."
"मी वेळ नाही विचारत, पाक विचारतेय."

बस, तिथेच बग सापडला. जे कोड लिहितात त्यांना लगेच कळेल. काम झालंय का हे न तपासता, ठराविक सेकंद थांबून पुढे जाणारा कोड मी लिहिला असता तर रिव्ह्यूमध्ये कुणीतरी फाडून खाल्लं असतं. स्वयंपाकघरात मात्र मी बिनधास्त तेच केलं.

आता आत काय चालतं ते बघू. या पदार्थात पाणी दोनदा येतं. एकदा ते हवं असतं, एकदा नको असतं.

हवं असतं ते मक्याच्या दाण्यात. पॉपकॉर्नचा मका वेगळ्या जातीचा असतो, भाजून खायच्या कणसाचे दाणे वाळवून तो होत नाही. याचं साल टणक आणि घट्ट, आणि आत साधारण १४ टक्के ओलावा. दाणा तापला की आतल्या पाण्याची वाफ व्हायला बघते, पण साल तिला बाहेर सोडत नाही. थोडक्यात, प्रत्येक दाणा म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास साल हार मानतं, आतला मऊ झालेला स्टार्च वाफेबरोबर फुगून बाहेर येतो आणि लगेच गार होऊन कडक होतो. दाणे महिनोन्‌महिने उघड्या पुडीत पडलेले असतील तर ओलावा उडालेला असतो आणि निम्मे फुटतच नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. पाव किलो दाण्यांना एक छोटा चमचा पाणी चोळा आणि बंद बरणीत दोन-तीन दिवस ठेवा, अधूनमधून हलवा.

नको असतं ते पाकात. गूळ वितळून उकळायला लागला की जे उडतं ते मुख्यतः पाणी. पाणी कमी होत जातं तसं तापमान चढत जातं. ११५ अंशाला पाक गोळीबंद असतो, म्हणजे पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते. बरेच जण इथेच गॅस बंद करतात, मीही केला. त्यात अजून बरंच पाणी असतं, आणि पॉपकॉर्न म्हणजे शेवटी स्पंजच, ते सगळं पिऊन घेतं. १४५ ते १५० अंशाला जवळपास सगळं पाणी गेलेलं असतं आणि गार झाल्यावर पाक काचेसारखा कडक होतो. तेव्हा तो टक् आवाज येतो. तिथपर्यंत किती मिनिटं लागतील हे कढई किती जाड, आच किती, गूळ किती ओला यावर ठरतं. व्हिडिओवाल्याची सात मिनिटं त्याच्या कढईची होती.

गुळाबद्दल एक शब्द. गुळात साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. म्हणून नुसत्या गुळाचं आवरण लवकर चिकट होतं. मी दोन भाग गूळ आणि एक भाग साखर घेतो. शुद्धतावादी रागावतील, पण माझा डबा पाच तास एसटीत असतो. आणि दुकानात 'चिक्कीचा गूळ' म्हणून वेगळा मिळतो तो इथे वापरू नका. तो मुद्दाम चिकट असतो.

तर प्रमाण असं. दाणे १०० ग्राम, तेल दोन मोठे चमचे. गूळ १०० ग्राम, साखर ५० ग्राम, तूप ४० ग्राम, पाणी एक मोठा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा. भाजून सोललेले शेंगदाणे एक वाटी, वेलची आवडीने. बाजारातली मायक्रोवेव्हची बटरवाली पाकिटं नकोत, साधे दाणे घ्या.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल आणि तीन दाणे टाका. तिन्ही फुटले की बाकीचे टाका आणि झाकण किंचित तिरकं ठेवा, वाफ बाहेर जायला हवी. दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की गॅस बंद. मग पॉपकॉर्न मोठ्या भोकांच्या चाळणीत घेऊन हलवा म्हणजे न फुटलेले दाणे खाली पडतील. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. पाकात लपलेला एक दाणा दाढेखाली आला की दिवाळी डेंटिस्टकडे.

पाक करायच्या आधी सगळं हाताशी ठेवा: परातीत पॉपकॉर्न आणि शेंगदाणे, तूप लावलेलं ताट, सोडा मोजून, गार पाण्याची वाटी. नंतर वेळ मिळत नाही. तूप, गूळ, साखर, पाणी, मीठ मध्यम आचेवर विरघळवा, उकळी आली की आच कमी करा आणि तळ ढवळत रहा, कारण गूळ साखरेपेक्षा लवकर लागतो. दर मिनिटाला एक थेंब वाटीत टाका. आधी तो विरघळेल, मग मऊ गोळी होईल, मग ओढला की तार येईल. थांबा. अजून थांबा. मोडताना टक् झालं की गॅस बंद, सोडा घाला आणि झरझर ढवळा. पाक फसफसून दुप्पट फुगेल, रंग फिका होईल. सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पाकात बारीक बुडबुडे अडकतात, म्हणून आवरण दगडासारखं न होता खुसखुशीत होतं. लगेच परातीत ओता आणि दोन लाकडी उलथन्यांनी खालीवर करा.

इथे गंमत थांबवून सांगतो. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा ५० अंशांनी गरम असतो आणि कातडीला चिकटतो. मुलांना ओट्यापासून लांब ठेवा, चव बघायला बोट घालू नका. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट बिस्ट नको. आणि चार वर्षांच्या आतल्या मुलांना पॉपकॉर्न देऊच नका, घशात अडकतं.

ओटीजी असेल तर पसरलेलं पॉपकॉर्न १२० अंशावर ४५ मिनिटं ठेवा, दर पंधरा मिनिटांनी हलवा. उरलंसुरलं पाणी जातं आणि आवरण सगळीकडे सारखं बसतं. नसेल तर कढईत अगदी मंद आचेवर दहा मिनिटं परता, जवळपास तसंच होतं. मग पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि सगळी मेहनत पाण्यात. अक्षरशः.

तुम्ही म्हणाल, दिवाळीत पॉपकॉर्न कुठून आलं? अमेरिकेत ख्रिसमसला पाकातल्या पॉपकॉर्नचे लाडू करतात, आणि शिकागोचं क्रॅकर जॅक १८९६ पासून त्या नावाने विकलं जातंय: पॉपकॉर्न, शेंगदाणे आणि आपल्या काकवीच्या चुलत बहिणीसारखं मोलॅसिस. पण मला ते बघायला तिकडे जावं लागलं नाही. त्या संध्याकाळी माझं ढेकूळ एका बाजूला आणि पूजेच्या ताटात लाह्या-बत्तासे. फुललेलं धान्य आणि कडक साखर! फरक एवढाच की आपल्याकडे दोन्ही वेगळं ठेवतात, त्यामुळे लाह्या मऊ पडत नाहीत. डिझाइन म्हणून ते माझ्यापेक्षा सरस आहे, हे मान्य.

यंदाचा डबा शुक्रवारी रात्री भरला. एक मूठ बाहेर काढून ताटात उघडी ठेवली, बघायला. आज सोमवार, ती मूठ थोडी चिकटायला लागलीये, डब्यातलं अजून कुरकुरीत आहे. आईचं मनगट आता बरं आहे, ती चकल्या करतेय. फोनवर तिने एकच विचारलं, "आवाज आला का?" मी फोन वाटीजवळ धरला.

[टक्.]

तिकडून म्हणाली, "आण मग."