मस्टरवरची सही आणि रूपेरी पडदा

दिवाळी अंकात नट-नट्यांवर एखादा लेख नसला, तर फराळाच्या ताटात चकली वाढायची राहून गेल्यासारखे वाटते. अशा लेखांतून बहुधा कोणाचे कोणाशी जमले आणि कोणाचे कोठे बिनसले, याचाच खमंग मालमसाला असतो. मला आज वाचकांपुढे ठेवायची आहे ती हकीकत थोडी निराळी आहे. १९७० नंतरच्या दहा वर्षांत ज्या मराठी मंडळींनी पडदा गाजवला, ती त्याआधी कोठे चाकरी करीत होती, आणि ती चाकरी त्यांनी कशी व केव्हा सोडली? पहिल्या तारखेच्या पगारावर ज्यांचे घर चालते, अशा आपल्यासारख्यांना याहून जिव्हाळ्याचा प्रश्न कोणता असणार?

उदाहरणादाखल 'सामना' घ्या. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी गेलेला हा चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचे. निर्माते रामदास फुटाणे हे चित्रकलेचे शिक्षक. दिग्दर्शक जब्बार पटेल हे दौंडला दवाखाना चालवणारे बालरोगतज्ज्ञ. ज्याच्या नाहीसे होण्याभोवती सारी कथा फिरते, तो मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे हे मानसोपचारतज्ज्ञ. भणंग मास्तर झालेले श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. आणि या मास्तरांशी ज्याचा सामना होतो, त्या हिंदुराव धोंडे पाटलाचे काम करणारे निळू फुले कोण? एके काळचे माळी! एवढ्या डॉक्टरांच्या मेळाव्यात माळीबुवांनी जी बाजी मारली आहे, ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी.

पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत निळूभाऊ काम करीत, तेव्हा त्यांचा पगार होता महिना ८० रुपये. त्यांतले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. आठवा हिस्सा! इकडे आपण वर्गणीची पावती फाडतानाही दोनदा विचार करतो. याच सेवादलाच्या कलापथकातून ते लोकनाट्यात आणि तेथून १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'मधून पडद्यावर आले. पुढे दशकभर त्यांनी जे खलपुरुष रंगवले, त्यांपायी खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना खरोखरीच शिव्या देत, असे सांगतात. साधेपणाने जगणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलेली ही दाद मोठी गमतीची खरी.

दादा कोंडक्यांचीही सुरुवात सेवादलातच, आणि चाकरी 'अपना बाजार'मध्ये. १९७१ चा 'सोंगाड्या', मग 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार'. एकामागून एक रौप्यमहोत्सव करीत ते थेट गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात जाऊन बसले. त्यांच्या विनोदाला नाके मुरडणारे आमच्या प्राध्यापकवर्गात पुष्कळ आहेत. पण नाके मुरडण्यासाठी का होईना, ते चित्रपट त्यांनी पाहिलेले असतात!

डॉ. लागूंची गोष्ट मात्र सर्वांत धाडसाची. आफ्रिकेत टांझानियातल्या टबोऱ्यापर्यंत जाऊन आलेला, पुण्यात जम बसवलेला हा डॉक्टर १९६९ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी शस्त्रे खाली ठेवतो आणि पूर्ण वेळ नट होतो. त्या वयात आपण पेन्शनला किती वर्षे उरली, याचा हिशेब मांडू लागतो. डॉक्टरांनी घेतलेली उडी फुकट गेली नाही. डिसेंबर १९७० मध्ये 'नटसम्राट' रंगभूमीवर आले आणि १९७२ मध्ये शांतारामबापूंचा 'पिंजरा' पडद्यावर.

मी राहतो ते डोंगरी हे गाव भाईंदरहून उत्तनकडे जाताना लागते. मालिकांचे चित्रीकरण चालते ते मीरा रोड आणि घोडबंदरचे स्टुडिओ आम्हांला काही लांब नाहीत. साहजिकच वर्गातल्या दोघा-तिघांना तरी तेथून बोलावणे येते. असाच एक विद्यार्थी मध्यंतरी विचारू लागला, "सर, बँकेत लागलोय आणि मालिकेतही काम मिळतंय. बँक सोडू का?" त्याचे वडील तर अन्नपाणी सोडून बसले होते. मी त्याला लागूंची गोष्ट मुद्दाम सांगितली नाही. त्यांच्या उडीखाली वैद्यकीची पदवी होती, पाय घसरला असता तरी दवाखाना पुन्हा उघडता आला असता. मी त्याला सांगितली ती अशोक सराफांची गोष्ट.

मुलाने आधी पक्की नोकरी धरावी, ही वडिलांची इच्छा. म्हणून अशोक सराफ स्टेट बँकेत लागले. १९७५ साली 'पांडू हवालदार'ने त्यांचे नाव घरोघरी पोचवले, तरी बँक सुटली नव्हती. सुमारे दहा वर्षे त्यांनी तो संसार रेटला. दिवसा खातेवह्या, रात्री तोंडाला रंग! पुढे शासनाचा 'महाराष्ट्र भूषण' आणि २०२५ मध्ये 'पद्मश्री' मिळालेल्या या नटाच्या आयुष्यातली ही दहा वर्षे मला फार मोलाची वाटतात. प्रत्येक वडिलांनी आणि प्रत्येक मुलाने ती नीट वाचावीत. मुलाने ऐकले की नाही, हे विचारू नका. निदान त्याच्या वडिलांनी जेवायला सुरुवात केली.

अमोल पालेकरांची तऱ्हा आणखी मौजेची. जे. जे. मधून चित्रकला शिकून आलेला हा तरुण बँक ऑफ इंडियात कारकून होता, आणि प्रायोगिक नाटकेही करी. १९७४ च्या 'रजनीगंधा'त त्यांनी रंगवला तोही बढतीची वाट पाहणारा, कचेरीत जाणारा तरुणच. ज्या बाकावरून उठून आले, तेच बाक घेऊन ते पडद्यावर गेले म्हणा ना! अमिताभच्या मारामारीच्या त्या दिवसांत बसच्या रांगेत उभा राहणारा नायक चालला, तो या खऱ्याखुऱ्या कचेरीच्या वासामुळे, असे माझे मत आहे.

स्त्रियांना मात्र आणखी एक नवे दार उघडले होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तेथे बातम्या वाचणाऱ्यांत भक्ती बर्वे होत्या आणि स्मिता पाटील होत्या. जीनवरच साडी गुंडाळून स्मिता बातम्या द्यायला बसत, ही कथा सर्वश्रुत आहे. पडद्यावर कमरेखालचे दिसते कोणाला? श्याम बेनेगलांनी त्यांना हेरले आणि 'चरणदास चोर', 'निशांत', 'मंथन' अशा पायऱ्या चढत १९७७ च्या 'भूमिका'ने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. तो चित्रपट बेतला होता हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वर. आमच्या मराठी शाखेतल्या मुलींना मी हे आवर्जून सांगतो, कारण पुस्तक त्यांनी वाचलेले नसते आणि चित्रपट आईने पाहिलेला असतो.

भक्ती बर्वे यांनी तर १९७५ मध्ये पु. लं.च्या 'ती फुलराणी'त मंजुळेचा असा काही दंगा उडवून दिला, की दूरदर्शनवर शुद्ध, ठाशीव मराठीत बातम्या देणाऱ्या बाई त्या याच, हे प्रेक्षकांना पटवून घ्यावे लागे. वृत्तनिवेदिकेने अशुद्ध भाषेचे काम करावे आणि तेच तिच्या नावाला कायमचे चिकटावे! व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने यावर काय बोलावे?