वादळानंतरचे वाहन

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी हे तालुक्याचे गाव समुद्रापासून फार दूर आहे. पूर्वेकडील बंगालचा उपसागर येथून पाचशे किलोमीटरहून अधिक, तर पश्चिमेकडील अरबी समुद्र चारशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. समुद्रातील वादळांचे भय किनाऱ्यावरील कोळ्यांना आणि खलाशांना असेल. कळमनुरीच्या शेतकऱ्याला त्याचे काय, असे कोणालाही सहज वाटेल. परंतु ही समजूत खरी नाही. समुद्रात उठलेले वादळ कधी कधी जमिनीवरून लांबचा प्रवास करीत या भागापर्यंत येऊन पोहोचते.

2021 सालच्या सप्टेंबर महिन्यात असेच घडले. बंगालच्या उपसागरात ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ निर्माण झाले. 26 सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्र प्रदेशातील कलिंगपट्टणम् या गावाजवळ किनाऱ्यावर आदळले. तेथून तेलंगणाच्या बाजूने सरकत दोन दिवसांत ते विदर्भ आणि मराठवाडा यांवर आले. तोपर्यंत त्याचा वारा मंदावला होता. पण पाऊस मंदावला नव्हता. मराठवाड्यातील नद्या दुथडी भरून वाहू लागल्या, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि पुराने वेढलेल्या कित्येकांना होड्यांनी व हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. पुढे याच वादळाचा शेष भाग अरबी समुद्रात उतरला, तेथे त्याने ‘शाहीन’ या नावाने पुन्हा जोर धरला आणि 3 ऑक्टोबरला तो ओमान देशाच्या किनाऱ्यावर जाऊन धडकला.

जमिनीवर आल्यावर वादळाचा वारा का मंदावतो आणि पाऊस का उरतो, हे समजणे कठीण नाही. चक्रीवादळाला बळ मिळते ते समुद्राच्या उष्ण पाण्यापासून. त्या पाण्याची वाफ वर चढते, थंड होऊन तिचे ढग बनतात आणि त्या वेळी बाहेर पडणारी उष्णता वाऱ्याला गती देते. वादळ जमिनीवर आले की हा पुरवठा तुटतो. वारा हळूहळू शांत होतो; पण ढगांत साठलेले बाष्प कोठे जाणार? ते पावसाच्या रूपाने खाली येते. अमेरिकेच्या बाजूला अशा वादळांना हरिकेन म्हणतात, तर चीन-जपानकडे टायफून म्हणतात. नावे वेगळी असली तरी त्यांची घडण एकच आहे. तिकडेही वाऱ्यापेक्षा मागाहून येणाऱ्या पुरानेच पुष्कळ वेळा अधिक माणसे दगावतात.

कळमनुरी तालुक्याच्या भूमीवर अशा पावसाचा परिणाम फार लवकर दिसतो. येथून कयाधू नदी वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. पैनगंगा ही मराठवाडा आणि विदर्भ यांच्यामधील सीमारेषाच होय. तिच्यावर याच परिसरात इसापूरचे मोठे धरण आहे. नद्यांना मिळणारे ओढे आणि नाले तर जागोजागी आहेत. उन्हाळ्यात ते कोरडे ठणठणीत असतात; परंतु जोराच्या पावसाने घटकेत तुडुंब भरतात. अकोला, हिंगोली, कळमनुरी, नांदेड असा जाणारा महामार्ग पक्का आहे. तथापि, महामार्गापासून आतल्या वाड्या-वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटांवर कमी उंचीचे पूल असतात. पाणी चढले की हे पूल बुडतात आणि वस्ती जगापासून तुटते. त्यातून हे दिवस असतात सोयाबीनच्या काढणीचे. वर्षभराची मेहनत शेतात उभी असते किंवा कापून पडलेली असते.

अशा वेळी गावाचे डोळे लागतात ते एखाद्या पिकअपकडे. एरवी ही लहान मालवाहू मोटार शेतमाल बाजारात नेते, येताना खते, बियाणे, सिमेंट किंवा किराणा घेऊन येते. पुढे चालकाची बंदिस्त जागा आणि मागे उघडा हौदा, अशी तिची रचना असते. तिच्या मागील आसाखाली पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेले पाटे असतात. ओझे वाढले की ते दबतात, उतरले की पुन्हा वर येतात. त्यामुळे एक ते दीड टन माल घेऊनही ती खाचखळग्यांतून जाऊ शकते. साध्या मोटारीपेक्षा तिचा तळ जमिनीपासून उंच असतो. मोठा ट्रक ज्या बोळात शिरू शकत नाही, तेथेही ती शिरते. मोडक्या घरातील सामान हलविणे, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या आणणे, भिजलेली धान्याची पोती कोरड्या जागी पोहोचविणे, औषधे आणि जनावरांचा चारा आणणे ही सारी कामे वादळानंतर तिच्यावर येऊन पडतात. जिच्याविषयी एरवी कोणी विचारही करीत नाही, ती गाडी त्या दिवसांत साऱ्या गावाचा आधार होते.

परंतु कोणत्याही साधनावर विसंबण्यापूर्वी त्याच्या मर्यादा जाणून घेतल्या पाहिजेत. ‘गुलाब’ वादळाच्या पावसात, 28 सप्टेंबर 2021 रोजी, पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ एक हृदयद्रावक घटना घडली. नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस. टी. बस दहागावच्या नाल्यावरील पुलाशी आली. पुलावरून पाणी वाहत होते. बस पुलावर गेली आणि प्रवाहाने ती बघता बघता खाली ओढून नेली. काही जणांचे प्राण वाचले, काहींना मात्र जलसमाधी मिळाली. जी बस पन्नास माणसांना घेऊन डौलाने धावते, ती एका नाल्याच्या पाण्यापुढे टिकू नये, याचे आश्चर्य वाटते. पण यात निसर्गाचा नियमच आपले काम करीत असतो.

पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर उचलतो. हा नियम ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीज याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगितला. समजा, एखाद्या पिकअपचा तळ साडेचार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. पाणी त्या तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढले, पण अद्याप गाडीत शिरले नाही, तर सुमारे पावणेसातशे किलो वजनाचे पाणी बाजूला सारले जाते. म्हणजेच गाडीच्या वजनातून तेवढे वजन कमी झाल्यासारखे होते. रिकाम्या पिकअपचे वजन सतराशे किलो धरले, तर पाणी तळाच्या वर वीतभर चढेपर्यंत तिचे बहुतेक सारे वजन पाण्याने पेललेले असते. मग चाके रस्त्यावर नुसती टेकलेली राहतात आणि त्यांची पकड सुटते.

याच वेळी प्रवाह गाडीला बाजूने रेटत असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की हा रेटा दुप्पट न होता चौपट होतो. म्हणून संथ पाण्यात जी गाडी सहज निघून जाते, तीच वेगवान पाण्यात तितक्याच खोलीवर वाहून जाते. वाहते पाणी एक फूट असेल तर ते बहुतेक लहान मोटारी नेऊ शकते आणि दोन फूट असेल तर पिकअपसारखी वाहनेही नेऊ शकते, असा इशारा अमेरिकेतील राष्ट्रीय हवामान सेवा आपल्या नागरिकांना देत असते. गढूळ पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे की खचला आहे, हे तर वरून मुळीच कळत नाही. काही जण गाडी जड व्हावी म्हणून हौद्यात दगड भरतात. परंतु जेथे पुलाखालचा भरावच वाहून गेला असेल, तेथे जड गाडी अधिकच लवकर खाली जाते.

पाण्याचे दुसरे भय इंजिनाला असते. डिझेल इंजिन बाहेरील हवा आत ओढते आणि ती मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबते. त्या दाबाने हवा इतकी तापते की तिच्यात सोडलेले डिझेल ठिणगीवाचून पेट घेते. हवा दाबता येते. पाणी दाबता येत नाही. हवेच्या नळीतून पाणी आत शिरले, तर दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला पोलादी दांडा वाकतो किंवा मोडतो. म्हणूनच पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. ती ढकलून कोरड्या जागी आणावी आणि जाणकार कारागिराला दाखवावी. पाण्यातून सुखरूप बाहेर पडलेल्या गाडीचे ब्रेकही ओले झालेले असतात. थोडे अंतर सावकाश जाऊन, ते हलकेच दाबून कोरडे करून घेतल्याखेरीज वेग वाढविणे धोक्याचे असते.

पूर ओसरला तरी अडचणी संपत नाहीत. कळमनुरीकडील काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. पिकअपला गती देणारी चाके बहुधा मागची असतात. हौदा रिकामा असला की त्या चाकांवर भार थोडा पडतो, आणि ती चिखलात जागच्या जागी फिरत अधिकच रुततात. अशा ठिकाणी रुंद आणि उंच चाकांचा ट्रॅक्टर उपयोगी पडतो. जेथे ट्रॅक्टरही जात नाही, तेथे बैलजोडी जाते, आणि जेथे बैलांचेही पाय रुततात, तेथे माणूस डोक्यावर ओझे घेऊन जातो. शेतातून वाटेपर्यंत बैलांनी किंवा ट्रॅक्टरने आणावे, वाटेपासून पुढे पिकअपने न्यावे, अशी साखळी जुळली तरच काम पार पडते. एकट्या गाडीच्या बळावर गाव सावरत नाही.

ही गोष्ट कोकणाने 2020 साली प्रत्यक्ष अनुभवली. त्या वर्षी 3 जूनला ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. मराठवाड्यात वादळ येते ते मुख्यतः पावसाच्या रूपाने. तेथे ते वाऱ्याच्या रूपाने आले. ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या त्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले, दूरध्वनी मुके झाले आणि रस्त्यांवर झाडे पडली. दारात धडधाकट गाडी उभी असली तरी रस्ता मोकळा होईपर्यंत तिचा काही उपयोग नव्हता. कुऱ्हाडी, कोयते आणि करवती घेऊन आधी माणसे पुढे गेली. वाहने त्यांच्या मागून गेली. वीज नसली की आणखी एक अडचण उभी राहते. जमिनीखालील टाकीतून डिझेल वर खेचणारा पंप विजेवर चालतो. जनित्राची सोय नसेल, तर टाकीत डिझेल असूनही ते गाडीत भरता येत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वादळानंतर गाडी उपयोगी पडावी, अशी इच्छा असेल तर तिची तयारी वादळापूर्वीच केली पाहिजे. हवामान खात्याचा इशारा ऐकताच डिझेलची टाकी भरून घ्यावी. टायर, बॅटरी आणि ब्रेक तपासावेत. जादा चाक, जॅक, जाड दोर, फावडे, कुऱ्हाड, बॅटरीचा दिवा, दोन भक्कम फळ्या आणि ताडपत्री गाडीत ठेवावी. गाडी रुतली तर चाकाखाली घालावयास फळ्यांसारखे साधन नाही. गाडी उंचवट्यावर उभी करावी. झाडाखाली, जुन्या भिंतीच्या आडोशाला किंवा नाल्याच्या काठी उभी करू नये. माल भरताना जड वस्तू तळाशी ठेवून ओझे दोन्ही बाजूंना सारखे वाटावे व घट्ट बांधावे. दूरध्वनीसाठी वीज मिळावी म्हणून बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि तो झोपेतल्या माणसाचा जीव घेतो. माल नेण्याच्या हौद्यात माणसे दाटीने उभी करून नेणे हेही जिवाशी खेळणेच होय.

या सर्व तयारीहून मोलाची गोष्ट म्हणजे चालकाचा विवेक. पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून पाणी ओसरण्याची वाट पाहणाऱ्या चालकाला कधी कधी भित्रा म्हटले जाते. मागच्या गाड्यांतील लोक घाई करतात. आत बसलेल्यांना घरची ओढ लागलेली असते. रोजच्या ओळखीचा नाला परका वाटत नाही. तरीही जो थांबतो, तोच खरा धीराचा माणूस होय. दोन तास उशिरा पोहोचलेले औषध बहुधा कामी येते. प्रवाहात गेलेले औषध, गाडी आणि चालक कोणाच्याच कामी येत नाहीत. आणि रोग्याला क्षणाचाही विलंब चालण्यासारखा नसेल, तर धोका पत्करून पुलावर गाडी घालण्याऐवजी तहसील कचेरीला किंवा पोलिसांना कळवून होडी व बचाव पथक मागविणे हाच मार्ग असतो.

पाऊस थांबतो, कयाधू पुन्हा आपल्या पात्रात शिरते आणि बुडालेले पूल चिखलाने माखलेल्या अंगाने वर येतात. कोणीतरी काठीने चाचपीत आधी पायी पलीकडे जातो आणि रस्ता शाबूत असल्याची खूण करतो. मग अलीकडे थांबलेली पिकअप सावकाश पुढे निघते. तिच्या हौद्यात पाण्याच्या टाक्या असतात, पिठाची पोती असतात, औषधांची खोकी असतात. पलीकडच्या काठावर गाव वाट पाहत उभे असते. गावाने विश्वास ठेवलेला असतो तो केवळ त्या गाडीवर नव्हे. ती वेळेवर थांबविणाऱ्या आणि वेळेवर पुढे नेणाऱ्या माणसांवर.