२,६६५ वर्षांची कैद आणि १५ वर्षांचा शेरा

१० ऑगस्ट २०२३ रोजी इटलीच्या सरकारने एक वटहुकूम काढला. त्यातल्या एका कलमाने संघटित गुन्हेगारीच्या तपासात फोन टॅप करण्याचे नियम सैल केले. दुसऱ्या एका कलमाने जंगलाला आग लावणाऱ्याची किमान शिक्षा चार वर्षांवरून सहा वर्षांवर नेली. पंधरवड्यापूर्वीच सिसिलीत वणवे पेटले होते आणि पालेर्मोचा विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला होता. इटलीत वटहुकूम ६० दिवसांत संसदेने मंजूर केला नाही, तर तो आपोआप रद्द होतो. ४०० खासदारांचं कनिष्ठ सभागृह आणि २०० निवडून आलेल्या सदस्यांचं सिनेट यांच्या मंजुरीनंतर त्याचा कायदा झाला, तो बरोब्बर साठाव्या दिवशी, ९ ऑक्टोबरला.

चाराचे सहा झाले. मथळ्यासाठी छान आकडा. पण कायदा कडक होतो म्हणजे नेमकं काय होतं, याचा हिशेब मांडायला इटलीइतका चांगला देश दुसरा नाही. कारण माफियाचं कंबरडं मोडणाऱ्या तिथल्या मूळ कायद्यात साध्या सदस्याला शिक्षा होती फक्त तीन ते सहा वर्षांची.

त्या कायद्याचा मसुदा संसदेत मांडला गेला ३१ मार्च १९८० रोजी. त्यामागे होते सिसिलीचे कम्युनिस्ट खासदार पिओ ला तोर्रे. त्यांच्या मसुद्यात दोन नव्या गोष्टी होत्या. एक, खून किंवा खंडणी सिद्ध झाली नाही तरी माफिया टोळीचा सदस्य असणं हाच गुन्हा. तीन माणसं एकत्र आली आणि दहशतीच्या जोरावर धंदे, ठेके ताब्यात घेऊ लागली की पुरे. दोन, संशयिताच्या मालमत्तेची चौकशी, आणि ती कुठून आली हे सांगता आलं नाही तर जप्ती. मसुदा पडून राहिला. ३० एप्रिल १९८२ रोजी पालेर्मोत ला तोर्रे आणि त्यांचे चालक रोझारिओ दी साल्वो यांना गोळ्या घालण्यात आल्या. मसुदा तरीही पडूनच. मग ३ सप्टेंबरला पालेर्मोत सरकारने नेमलेले प्रशासक (प्रीफेक्ट), जनरल दाल्ला किएझा, पत्नीसह मारले गेले. शहरात येऊन त्यांना जेमतेम शंभर दिवस झाले होते. १३ सप्टेंबरला कायदा झाला. ८८६ दिवस जे जमलं नाही, ते पुढच्या १० दिवसांत झालं.

इटालियन दंडसंहितेतलं हे कलम ४१६-बिस. छापलं तर पानभरात मावतं. ते राबवायला काय लागलं, ते पाहू.

२९ सप्टेंबर १९८४ रोजी पहाटे माफियाच्या माणसांविरुद्ध ३६६ अटक वॉरंटं निघाली. जोव्हान्नी फाल्कोने, पाओलो बोर्सेलिनो आणि त्यांचे सहकारी तपास न्यायाधीश म्हणून प्रकरण बांधत होते. जिवाला धोका इतका, की १९८५च्या उन्हाळ्यात या दोघांना कुटुंबांसह आझिनारा बेटावरच्या तुरुंगाच्या आवारात हलवण्यात आलं, आणि तिथे बसून त्यांनी कागद पुरे केले. नंतर सरकारने राहण्या-जेवण्याचं बिल त्यांच्याच हाती ठेवलं. बोर्सेलिनो यांची पावती ४,१५,८०० लिरांची होती.

त्यातून जो दस्तऐवज तयार झाला, त्याची पानं ८,६०७. पानाला दोन मिनिटं धरून रोज आठ तास वाचलं, तर संपायला ३६ दिवस. आरोपी ४७५, म्हणजे माणशी अठरा पानं. एवढे आरोपी बसवायला जागाच नव्हती. म्हणून पालेर्मोच्या उच्चिआर्दोने तुरुंगाला लागून सहा महिन्यांत नवं न्यायालय उभं केलं: अष्टकोनी, रॉकेटचा मारा झेलेल इतकं भक्कम, भिंतीकडेने ३० पिंजरे, आणि तुरुंगातून थेट आत येणारा भुयारी रस्ता.

खटला १० फेब्रुवारी १९८६ रोजी सुरू झाला. सुनावण्या ३४९. जबान्या १,३१४. बचावाच्या वकिलांची भाषणं ६३५. मधेच बचाव पक्षाने मागणी केली की सगळी कागदपत्रं न्यायालयात मोठ्याने वाचून दाखवा. तसं झालं असतं तर कच्च्या कैदेची कायदेशीर मुदत संपून आरोपी घरी गेले असते. संसदेला फेब्रुवारी १९८७ मध्ये घाईने नवा कायदा करून ही वाट बुजवावी लागली. मग दोन न्यायाधीश आणि सहा सामान्य नागरिक असं खंडपीठ ३५ दिवस कोंडून घेऊन विचार करत बसलं. १६ डिसेंबर १९८७ रोजी निकाल: ३४६ दोषी, ११४ निर्दोष, १९ जणांना जन्मठेप, आणि बाकीच्यांना मिळून २,६६५ वर्षांची कैद.

२,६६५ वर्षं. १९८७ पासून तेवढं मागे गेलं तर गौतम बुद्धाच्याही आधीच्या काळात पोचतो. पण भागाकार केला की आकडा जमिनीवर येतो: ३२७ माणसांना सरासरी आठ वर्षं. डोळे दिपवणारी ही बेरीज शिक्षेच्या लांबीतून आलेली नाही. एकाच खटल्यात, पुराव्यानिशी, इतकी माणसं पकडली गेली म्हणून ती झाली.

किंमतही त्याच मापाची. ३० जानेवारी १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालाचा गाभा कायम केला. त्यानंतर ११४ दिवसांनी महामार्गाखाली स्फोटकं पेरून फाल्कोने यांना उडवलं. त्याच्या निम्म्या, म्हणजे ५७ दिवसांनी बोर्सेलिनो यांना. दोन स्फोटांत मिळून अकरा जीव गेले. कलम ४१६-बिसखाली आज साध्या सदस्याला दहा ते पंधरा वर्षं मिळतात. ही वाढ नंतरची. माफियाला खरी जिव्हारी लागली ती ला तोर्रे यांची दुसरी गोष्ट, जप्ती. जप्त झालेली घरं आणि शेतं समाजाच्या वापरासाठी द्या, या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि १९९६ मध्ये तोही कायदा झाला.

आता आगीकडे. वणवा लावण्यामागे बहुतेकदा जमीन असते: जंगल गेलं की बांधकाम, कुरण, नाहीतर पुन्हा झाडं लावण्याचं सरकारी काम. २००० साली इटलीच्या संसदेने कायदा क्रमांक ३५३ करताना हे ओळखलं. आग लावणाऱ्याला चार ते दहा वर्षं होतीच. पण खरी मेख पुढे आहे. जळालेल्या जमिनीचा वापर १५ वर्षं बदलता येणार नाही. १० वर्षं तिथे इमारत बांधायची नाही, गुरं चारायची नाहीत, शिकार करायची नाही. ५ वर्षं सरकारी पैशाने झाडं लावायची नाहीत. प्रत्येक गावाने जळालेल्या जमिनींची नोंदवही ठेवायची, आणि सातबाऱ्यावर बोजा चढावा तसा हा निर्बंध १५ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक खरेदीखतात लिहायचा. लिहिला नाही, तर व्यवहारच रद्द. आग कुणी लावली हे कधीच कळलं नाही, तरी आगीचा फायदा कुणालाच नाही.

एवढं करूनही, ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिलीत पारा ४८.८ अंशांवर गेला त्या वर्षी, इटलीत दीड लाख हेक्टरांच्या आसपास जमीन जळाली. एक कारण म्हणजे नोंदवही ठेवणं हे कंटाळवाणं काम, आणि कित्येक गावांनी ते टाळलं. म्हणून २०२१च्या कायद्यात, गावाने नोंद केली नाही तर ती वरच्या प्रादेशिक सरकारने करावी, असं घालावं लागलं. २०२३च्या वटहुकुमातही चाराचे सहा करण्यापेक्षा मोलाची ओळ वेगळीच आहे: फायद्यासाठी आग लावली, किंवा आग विझवण्याच्या कामावरच्या माणसाने लावली, तर शिक्षा एक तृतीयांश ते निम्म्याने वाढेल.

आपल्याकडे कडक आकड्यांची कधीच टंचाई नव्हती. राहत्या घराला आग लावली तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, हे १८६०च्या भारतीय दंडसंहितेतच होतं. १८८२ साली तिच्या ४३५व्या कलमात भर पडली: शेतमाल जाळून दहा रुपयांचं नुकसान केलं तरी सात वर्षांपर्यंत कैद. ते दहा रुपये ३० जून २०२४ पर्यंत कायद्यात जसेच्या तसे होते. महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, मोक्का, १९९९चा: किमान पाच वर्षं, किमान दंड पाच लाख, आणि आधीच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं असावीत ही अट. २०२३च्या भारतीय न्याय संहितेच्या १११व्या कलमाने तोच साचा देशभर नेला. म्हणजे पेटवून दिलेल्या गंजीला किंवा जळालेल्या चाळीला न्याय मिळाला नसेल, तर तो शिक्षेची वर्षं कमी होती म्हणून नव्हे.

पुढच्या वेळी विधिमंडळात कडक कायद्यावर बाकं वाजू लागली, की शिक्षेच्या वर्षांआधी तीन आकडे मागावेत. तपासाला माणसं किती देणार? निकाल किती दिवसांत लागणार? आणि गुन्ह्यातून झालेल्या कमाईपैकी किती परत घेणार? पालेर्मोत या तिन्ही प्रश्नांना उत्तरं होती, म्हणून तीन ते सहा वर्षांच्या कायद्यालाही धार आली.