चार कॅमेरे लावले की टाइमलाइन का अडखळते?

लग्नाचं नाहीतर स्नेहसंमेलनाचं चार कॅमेऱ्यांचं शूट प्रीमियरमध्ये सिंक करायचं, मल्टिकॅम व्ह्यू उघडायचा, स्पेसबार दाबायचा, आणि चारही चौकटी धक्के खात चालताना बघायच्या. मग ओळखीतले सल्ले सुरू होतात. रॅम वाढव, ग्राफिक कार्ड बदल, नाहीतर रेंडर मारून घे. तिन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: फाइल लहान म्हणजे कॉम्प्युटरला काम हलकं.

प्रत्यक्षात उलट घडतं. बहुतेक कॅमेरे एच.२६४ किंवा एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतात. त्यात दर दहा-पंधरा फ्रेमच्या गटात एखादीच फ्रेम पूर्ण साठवलेली असते, बाकीच्यांत फक्त काय बदललं याची नोंद. म्हणून तर तासाभराचं ४के शूट एका कार्डात मावतं. पण प्लेहेड गटातल्या अकराव्या फ्रेमवर नेला, की ती दाखवण्यासाठी ती ज्यांच्यावर टेकलेली आहे त्या आधीच्या फ्रेम उलगडाव्या लागतात. एका अँगलला हे निभावतं. मल्टिकॅम व्ह्यूमध्ये चारही अँगल एकदम उलगडायचे असतात, आणि चौकट पडद्यावर पाव आकाराची दिसत असली तरी आतली फ्रेम पूर्ण ४केचीच असते. त्यामुळे प्लेबॅक रिझोल्यूशन १/४ केलं तरी इफेक्ट आणि रंगांचं काम हलकं होतं, उलगडण्याचं ओझं फारसं उतरत नाही.

रेंडरचंही तसंच. रेंडर होतो तो निवडलेल्या अँगलचा प्रिव्ह्यू. मल्टिकॅम व्ह्यू मूळ अँगलच वाचत राहतो.

ग्राफिक कार्डाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त पैसे तिथे जातात. महागडं कार्ड रंग, स्केलिंग, इफेक्ट यांत जोरदार असतं. फुटेज उलगडण्यासाठी मात्र त्यावर वेगळा, लहानसा भाग असतो आणि त्याला ठरावीक प्रकारच समजतात. आजकालचे बरेच मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ रेकॉर्ड करतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची कार्डं, अगदी ४०९०सुद्धा, हा प्रकार हार्डवेअरवर उलगडत नाहीत. एचईव्हीसीचं तेच फुटेज ११व्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स सहज पेलतं. इथे दुकानात एक चूक हमखास होते: दोन-चार हजार वाचवायला शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेतला जातो. एडिटरसाठी हा तोट्याचा सौदा, कारण त्यात नेमकं ते अंगभूत ग्राफिक्सच नसतं.

रॅम? कमी असेल तर सिस्टीम गुदमरते हे खरं. पुरेशी असताना आणखी टाकली, तर उलगडण्याचा वेग वाढत नाही.

‘हार्डडिस्क स्लो आहे’ हे कधी खरं, कधी खोटं. १०० मेगाबिटचे चार अँगल म्हणजे सेकंदाला ५० मेगाबाइट. एवढं साधी डिस्कही देते, फक्त तिच्या वाचणाऱ्या टोकाला चार फाइलींमध्ये सतत उड्या माराव्या लागतात. गंमत होते ती सगळं फुटेज प्रोरेस ४२२मध्ये बदलल्यावर. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने प्रोसेसर मोकळा होतो, पण २५ फ्रेमच्या यूएचडीला एका अँगलचे ४९२ मेगाबिट लागतात. चार अँगलचे मिळून सेकंदाला सुमारे २४६ मेगाबाइट होतात आणि पोर्टेबल हार्डडिस्क तिथे हात टेकते. म्हणून मल्टिकॅमला खरा उपाय प्रॉक्सीचा, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रतींचा. प्रोरेस प्रॉक्सी १०८०ला अँगलमागे जेमतेम ३८ मेगाबिट घेतं. ‘प्रॉक्सी वापरली की फायनल फुटतं’ ही भीती निराधार आहे. एक्स्पोर्टच्या खिडकीत प्रॉक्सी वापरण्याचा पर्याय तुम्ही स्वतः टिक केला नाही, तर प्रीमियर मूळ फाइलीच घेतो.

आणि सगळाच उशीर कॉम्प्युटरचा नसतो. ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून सिंक पुन्हा करण्याआधी कानातला ब्लूटूथ काढा. तो एकटाच दीडशे-दोनशे मिलिसेकंद, म्हणजे चार-पाच फ्रेम खाऊ शकतो. वायरचा हेडफोन लावून पुन्हा बघा. तरीही हॉलच्या टोकाचा वाइड अँगल किंचित पुढे पळताना दिसला, तर दोष आवाजाच्या वेगाचा. स्टेजपासून २० मीटरवरच्या कॅमेऱ्याला आवाज सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. वेव्हफॉर्मवरून सिंक करताना सॉफ्टवेअर आवाज जुळवतं आणि चित्र दीड फ्रेम आधी येतं. तो अँगल एक-दोन फ्रेम मागे सरकवायचा, झालं. सुरुवातीला जुळलेला अँगल पुढे पुढे सरकत गेला आणि तो फोनवर घेतलेला असेल, तर बदलता फ्रेम रेट हा पहिला संशयित. अशी फाइल आधी हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर काढून घ्या.

दुकानात जाण्याआधी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि मल्टिकॅम चालवून बघा. सीपीयू शंभराला टेकलेला आणि जीपीयूचा ‘व्हिडिओ डीकोड’ आलेख तळाला असेल, तर फुटेज हार्डवेअरवर उलगडत नाही, प्रॉक्सी करा. डिस्क शंभरावर असेल, तर एसएसडी घ्या. दोन्ही निवांत असून प्लेबॅक अडखळत असेल, तर त्या सीक्वेन्सवरचे इफेक्ट बंद करून बघा.