रंग झाला, पण चिकन शिजलं का?

रविवारी घरी फ्राइड चिकनचा बेत असला, की सगळ्यांचं लक्ष कढईतल्या रंगाकडे असतं. तुकडा छान खरपूस दिसला, की झाऱ्यानं काढायचा, हा आपला नेहमीचा अंदाज. पण चिकन आतून शिजलं की नाही, हे रंग सांगत नाही.

याचं कारण कढईतच आहे. तळणीसाठी तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस तापलेलं असतं. तुकडा तेलात पडताच वरच्या थरातल्या पाण्याची वाफ होते. आपल्याला दिसतात ते बुडबुडे याच वाफेचे. हा थर कोरडा झाला, की त्याचं तापमान झपाट्यानं वाढतं. मग प्रथिनं आणि शर्करा यांच्यात ‘मेलार्ड प्रक्रिया’ होते आणि तो तपकिरी रंग व खमंग वास येतो. आतलं मांस मात्र पाण्यानं भरलेलं असतं. तिथं उष्णता हळूहळू पोहोचते आणि हाडाजवळ सर्वांत उशिरा. त्यात मसाल्यातलं लाल तिखट आधीच रंग देतं. तेल जास्त तापलं असेल, तर वरून करपलेला तुकडा आतून कच्चा राहू शकतो.

कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे ताप, जुलाब, पोटात मुरडा असा त्रास होतो. लहान मुलं, गर्भवती आणि वृद्धांमध्ये तो गंभीर होऊ शकतो. तुकड्याच्या सर्वांत जाड भागाचं तापमान ७४ अंशांवर गेलं, की हे जंतू मरतात. स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर हाडाला न टेकवता मांसात खुपसून ते तपासता येतं. शिजलेल्या चिकनमध्येही हाडालगत थोडी लाली दिसू शकते. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मगजाचा तो रंग असतो. म्हणजे आतला रंगही पक्का पुरावा नाही.

थर्मामीटर नसेल, तर लेग पीससारखे हाडाचे तुकडे आधी मसाल्यासह वाफवून पूर्ण शिजवा. मग कॉर्नफ्लॉवर लावून तळा. तळणीचं काम फक्त कुरकुरीतपणा आणण्याचं उरतं. थेट तळायचं असेल, तर तुकडे लहान ठेवा. फ्रीझरमधलं चिकन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण सुटं होऊ द्या. कढईत गर्दी करू नका; तेल एकदम थंड होतं आणि चिकन तेलकट होतं.

तयारीतही काही पथ्यं आहेत. दही, मीठ, आलं-लसूण लावलेलं चिकन ओट्यावर नको, फ्रिजमध्येच मुरू द्या. मीठ आत शिरून मांसातला ओलावा धरून ठेवतं, दह्यातलं आम्ल ते मऊ करतं. पण दोन्ही जंतू मारण्यासाठी पुरेसे नाहीत. नळाखाली चिकन धुतल्यानं जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंक आणि जवळच्या भांड्यांवर पसरतात. तुकडे कागदानं टिपून घ्या आणि हात साबणानं धुवा. कोशिंबिरीसाठी सुरी-पाट वेगळा ठेवा. कच्चं चिकन ठेवलेल्या ताटलीत तळलेलं चिकन काढू नका.

कढईवर नजर हवीच, पण ती तेलाची आच सांभाळायला. चिकन शिजल्याची खात्री मात्र आतल्या तापमानावरूनच करा.